खरे उत्पन्न सिद्ध कसे करायचे?

(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



आजच्या सभेत कापसाच्या भावावर बोलायचे असे ठरले होते. ते बोलणारे पुढे बसले आहेत आणि आमच्यापेक्षा चांगले बोलतील. आम्ही आज वेगळा विषय घेतला आहे. प्राप्तिकराची नोटीस आली तर आपले खरे उत्पन्न सिद्ध कसे करायचे?

हा विषय ऐकून मागच्या रांगेत काही जण हसले. त्यांचे बरोबर आहे. ज्याला पऱ्हाटीत वर्षाचा खर्च निघेना, त्याला प्राप्तिकर कसला? पण याच मंडपात असे किती जण आहेत की ज्यांच्या घरात शेतीबरोबर काहीतरी जोडधंदा आहे? कुणाची पिठाची गिरणी आहे, कुणाच्या पोराचा टेम्पो आहे, कुणाचे किराणा दुकान, कुणाचे कृषी केंद्र. हात वर करा. पाहा, अर्धा मंडप झाला. कोरडवाहू शेतीत भागत नाही म्हणूनच आपली पोरे धंद्यात गेली. शेतीची वही आपण कधी ठेवली नाही आणि धंद्यातही तीच सवय नेली. नोटीस येते ती या सवयीला.

आधी शेतीच्या उत्पन्नाचे सांगून टाकतो, म्हणजे गैरसमज राहणार नाही. या देशात प्राप्तिकर आला १८६० साली आणि तेव्हा तो शेतीच्या उत्पन्नावरही होता. १८८६ च्या कायद्याने शेतीचे उत्पन्न वगळले गेले. १९६१ च्या कायद्यात ते वगळलेलेच राहिले आणि २०२५ च्या नव्या कायद्यातही ते वगळलेलेच आहे. नव्या कायद्याने कलमांचे आकडे बदलले. जुन्या वर्षांचे वाद मात्र जुन्या कायद्यानेच चालतात. म्हणून आज आम्ही कलमांचे आकडे सांगत बसत नाही. आकडे वकील सांगेल, तत्त्व आपण समजून घेऊ.

तत्त्व असे की शेतीचे उत्पन्न करमुक्त आहे, पण ते शेतीचेच आहे हे दाखवण्याची जबाबदारी सूट मागणाऱ्यावर आहे. आपल्या रानातला कापूस वेचून विकला तर ती शेती. शेजाऱ्याचा कापूस विकत घेऊन चार दिवसांनी जिनिंगवर घातला तर तो व्यापार. गाडी तीच, काटा तोच, बैलही तेच; पण कायद्यापुढे दोन वेगळ्या गोष्टी. 'आम्ही शेतकरी आहोत' एवढे म्हणून भागत नाही.

आता एक प्रकरण सांगतो. नाव सांगणार नाही, गावही सांगणार नाही. आपल्यातलाच एक कार्यकर्ता आहे. आठ एकर कोरडवाहू, त्यात सहा एकर कपाशी, दोन एकर ज्वारी. बाजाराच्या गावात त्याचे छोटे कृषी केंद्र. बियाणे, खत, औषध. गिऱ्हाईक सगळे ओळखीचे, व्यवहार सगळा उधारीचा. जूनमध्ये माल जायचा आणि दिवाळीनंतर पैसा यायचा. २०१६-१७ साली त्याच्या दुकानाची विक्री होती ३८ लाख रुपये. लहान धंद्यासाठी कायद्यात एक सोय आहे. विक्रीच्या आठ टक्के नफा धरून कर भरला तर हिशेबाच्या पूर्ण वह्या ठेवण्याची सक्ती नाही. त्याप्रमाणे त्याने ३ लाख ४ हजार उत्पन्न दाखवून विवरणपत्र भरले. इथपर्यंत सगळे ठीक.

पण त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला रात्री पाचशे आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्या. ३० डिसेंबरपर्यंत त्याने बँकेत चार खेपांनी ९ लाख ४० हजारांच्या जुन्या नोटा भरल्या. पुढे करखात्याने विचारणा केली. ती विचारणा गेली ईमेलवर, आणि ईमेलचा पत्ता होता विवरणपत्र भरून देणाऱ्या माणसाचा. त्याने ती उघडलीच नाही. एकामागून एक तारखा गेल्या. डिसेंबर २०१९ मध्ये एकतर्फी आदेश झाला. दाखवलेले ३ लाख ४ हजार तर मान्य केलेच, वर भरलेले ९ लाख ४० हजारही 'खुलासा न झालेला पैसा' म्हणून उत्पन्नात धरले.

अशा पैशावर साधा दर लागत नाही. डिसेंबर २०१६ च्या दुरुस्तीने तो दर ६० टक्के केला होता, त्यावर २५ टक्के अधिभार, वर उपकर. सगळे मिळून त्या वर्षासाठी ७७.२५ टक्के. म्हणजे ९ लाख ४० हजारांवर ७ लाख २६ हजार १५० रुपये. व्याज आणि दंड निराळा. आठ एकर रान गहाण टाकले तरी एवढे उभे राहिले नसते. तो आमच्याकडे आला तेव्हा हातात औषधाचा डबा नव्हता एवढेच म्हणायचे. त्याच्या बायकोने दुकानातल्या औषधांच्या कपाटाची किल्ली स्वतःच्या कमरेला लावून ठेवली होती. आमच्या भागात याचा अर्थ काय होतो ते इथे कुणाला समजावून सांगायला नको.

पहिला सल्ला आला खोटे बोलण्याचा

गावात सल्ला देणारे पुष्कळ. पहिला सल्ला आला तो असा: 'सगळा पैसा कापसाचा होता म्हणून सांग. शेतीला कर नाही. अडत्या ओळखीचा आहे, मागल्या तारखेच्या पट्ट्या देईल.' अडत्या खरोखर तयार होता.

आम्ही शेतकी कॉलेजात शिकलेले. नोकरी सोडून चळवळीत आलो तरी गुणाकार विसरलो नाही. त्याला म्हटले, कागद घे आणि हिशेब कर. कापसाचा भाव धर ५ हजार रुपये क्विंटल. ९ लाख ४० हजारांना किती कापूस लागेल? १८८ क्विंटल. तुझी कपाशी किती? सहा एकर. एकरी ३१ क्विंटलपेक्षा जास्त झाले. कोरडवाहू रानात एकरी पाच क्विंटल आले तर आपण पेढे वाटतो. हा ३१ क्विंटलचा कापूस तू कुठल्या आभाळात पेरला होतास? अधिकारी शेतकऱ्याचा पोरगा निघाला तर तो पहिल्या मिनिटाला हसेल, आणि मग तुझे खरे असेल तेही खोटे ठरेल.

याला आणखी एक बाजू आहे. शहरातले मोठे लोक आपले धंद्याचे पैसे शेतीच्या नावावर दाखवतात आणि बदनामी आपल्या वाट्याला येते. मार्च २०१६ मध्ये वर्षाला एक कोटीहून अधिक शेती उत्पन्न दाखवणाऱ्यांची प्रकरणे तपासायला करखात्याला सांगावे लागले होते. आपल्यापैकी कुणाच्या शेतात कोटी रुपये पिकतात? आपण खोटी पट्टी केली तर त्यांच्या पंक्तीला जाऊन बसतो. कोरडवाहू शेतीत पैसा नाही ही गोष्ट आपण इतकी वर्षे रस्त्यावर ओरडून सांगतो आणि कर वाचवायला कागदावर लिहून द्यायचे की एकरी ३१ क्विंटल पिकते? हे चालणार नाही. पट्टी केली नाही.

खरे काय होते ते शोधले

मग बसलो. दोन रविवार, तीन माणसे, एक पोतेभर कागद. पैसा कुठून आला हे त्याच्याकडून तोंडी वदवून घेतले आणि प्रत्येक आकड्याला कागद शोधला.

पहिला आकडा, ८ नोव्हेंबरच्या संध्याकाळी गल्ल्यात किती रोकड होती? रोजमेळ नव्हता. पण कृषी केंद्राचे एक बरे असते. खत नियंत्रण आदेश १९८५ चा, बियाणे नियंत्रण आदेश १९८३ चा. त्याप्रमाणे बिल फाडावेच लागते, साठा नोंदवावाच लागतो. निरीक्षक येऊन साठा रजिस्टरवर सही करून जातो. त्याच्या त्या सहीला आपण इतकी वर्षे शिव्या दिल्या, त्या दिवशी ती कामाला आली. कारण ती सही नोटाबंदीच्या आधीची होती आणि करखात्याला दाखवण्यासाठी घेतलेली नव्हती.

बिलबुके आणि बँकेचे पासबुक समोर ठेवून रोकड पुन्हा मांडली. १ एप्रिलला हातात ४० हजार. तेव्हापासून ८ नोव्हेंबरपर्यंत रोख विक्री आणि उधारीची वसुली मिळून १६ लाख ८५ हजार. त्यातून बँकेत भरले ११ लाख ९० हजार. दुकानभाडे, हमाली, नोकराचा पगार आणि घरखर्च १ लाख ७५ हजार. उरले ३ लाख ६० हजार. हा झाला पहिला आकडा. यात घरखर्च मुद्दाम धरला आहे, हे ध्यानात ठेवा. पुष्कळ जण हिशेब मांडताना घर चालवायला पैसा लागलाच नाही असे दाखवतात. आठ महिने कुटुंब काय वारा खाऊन जगले, असे अधिकारी विचारतो आणि सगळी मांडणी कोसळते.

दुसरा आकडा, नोटाबंदीनंतर आलेली उधारी. ४ लाख ५० हजार, ५२ खाती. अधिकाऱ्याने विचारले होते की नोव्हेंबर-डिसेंबरमध्येच एवढा पैसा एकदम कसा आला? याचे उत्तर आम्ही पिकाच्या वेळापत्रकाने दिले. कपाशीचे बियाणे जूनमध्ये जाते, खताचा दुसरा हप्ता आणि फवारणी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. पहिली वेचणी दसऱ्याच्या आसपास, जोराची वेचणी दिवाळीनंतर. कोरडवाहू गिऱ्हाईक देणे फेडतो तो वेचणीच्या पैशातून. उधारी नोव्हेंबरमध्ये येणार नाही तर काय मे महिन्यात येणार? आधीच्या दोन वर्षांच्या उधारीच्या वह्या जोडल्या. त्या वर्षांतही वसुलीचा भर याच दोन महिन्यांवर होता. फरक एवढाच की त्या वर्षांत आलेली रोकड हळूहळू बँकेत जाई किंवा परस्पर खर्च होई, आणि २०१६ साली सगळ्यांनाच जुन्या नोटा हातावेगळ्या करायच्या होत्या.

एक गोष्ट इथे मान्य करायला हवी, ती आम्ही अपिलातही मान्य केली. ८ नोव्हेंबरनंतर खाजगी दुकानदाराला जुन्या नोटा घेण्याची मुभा नव्हती. त्याने त्या घेतल्या. ओळखीचा शेतकरी समोर उभा राहून 'एवढे घे बाबा' म्हणतो तेव्हा नाही म्हणणे जड जाते, पण ते बरोबर नव्हते. मात्र नोट घ्यायला नको होती हा एक प्रश्न, आणि तो पैसा कुठून आला हा दुसरा प्रश्न. पैसा उधारीच्या वसुलीचा असेल तर तो विक्रीतच धरलेला आहे. त्यावर पुन्हा कर म्हणजे एकाच पोत्याची दोनदा हमाली.

तिसरा आकडा, त्याच्या स्वतःच्या कापसाचा. नोटाबंदीपूर्वी दोन वेचण्यांचा १६ क्विंटल ८० किलो कापूस ५ हजारांच्या भावाने विकला होता, ८४ हजारांचा. खरी काटापट्टी आणि खरी हिशोबपट्टी होती. त्यातून वेचणीची मजुरी आणि गाडीभाडे १४ हजार गेले. हातात राहिले ७० हजार. सातबारा आणि पीकपेरा जोडला. चूक एवढीच झाली होती की विवरणपत्रात शेतीचे उत्पन्न लिहिलेलेच नव्हते. 'कर नाही तर लिहायचे कशाला?' असे त्याला वाटले. भावांनो, कर नसला तरी लिहा. ज्या वर्षी लिहिले नाही त्या वर्षीच ते सिद्ध करण्याची वेळ येते.

तीन आकड्यांची बेरीज झाली ८ लाख ८० हजार. कमी पडले ६० हजार. 'हे कुठले?' असे विचारले तर तो मान खाली घालून बसला. शेवटी बोलला. भावकीतल्या एकाने आपल्या नोटा त्याच्याकडे दिल्या होत्या, 'तुझ्या खात्यात टाक' म्हणून. त्याने टाकल्या आणि नंतर परत दिल्या. ना चिठ्ठी ना चपाटी. हे ६० हजार उधारीच्या आकड्यात मिसळून टाकता आले असते. वही आपलीच होती, पेनही आपलेच. आम्ही मिसळले नाही. अपिलात तसेच लिहून दिले की याला पुरावा नाही.

वहीला साक्ष लागते

आता उधारीची वही. दुकानदाराने स्वतः लिहिलेली वही म्हणजे त्याचेच म्हणणे. तिला दुसऱ्या बाजूने साक्ष लागते. पैसे देणारा खरोखर आहे का, त्याची तेवढी ऐपत होती का, आणि व्यवहार खरा का, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळावी लागतात. म्हणून ५२ घरी आम्ही गेलो. प्रत्येकाला त्याचा उतारा वाचून दाखवला आणि बरोबर असेल तरच लेखी द्या म्हटले. बरोबर सातबारा आणि त्या वर्षीच्या कापसाची एखादी पट्टी मागितली.

एका म्हातारीने आम्हाला अंगणात बसवले. चार एकरांची धनीण, नवरा वारलेला. वहीत बघायच्या आधीच तिने बोटांवर मोजून सांगितले की बियाण्याची पाकिटे किती, डीएपीची पोती किती, औषधाचे डबे किती आणि पैसे कोणत्या बाजाराच्या दिवशी दिले. वहीतल्या आकड्यात आणि तिच्या बोटांत दहा रुपयांचा फरक नव्हता. मग तिने विचारले, 'भाऊ, माझं नाव सरकारात गेलं तर माझ्या निराधारच्या पैशाला काही व्हणार नाही ना?' आम्ही तिला समजावले. तिने अंगठा दिला. पण सगळ्यांनी दिला नाही. ३८ जणांनी दिला, त्यांची रक्कम ३ लाख ९० हजार. १४ जणांनी नाही दिला, त्यांची रक्कम ६० हजार. ते १४ जण वाईट नव्हते, ते घाबरले होते. कागदावर सही केली की रान जाते, हे आपल्या बापजाद्यांनी पाहिलेले आहे.

कायदा काय म्हणतो

अपिलाला मुदत असते आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांची. ती पाळली. जानेवारी २०२० मध्ये एक हजार रुपये फी भरून अपील दाखल केले. मागणीच्या वीस टक्के भरल्यास अपिलाचा निकाल होईपर्यंत बाकीची वसुली थांबवण्याची सोय आहे. १ लाख ४५ हजारांच्या वर रक्कम होत होती. बायकोचे दागिने सोनाराकडे गेले तेव्हा ती भरली गेली. पुरावा पहिल्या पायरीवर दिलेला नव्हता, म्हणून तो अपिलात घ्यावा यासाठी कारणही लेखी द्यावे लागले. नोटीस त्याच्यापर्यंत पोचलीच नव्हती हे कारण मान्य झाले.

एकतर्फी आदेशात अधिकाऱ्याला अंदाज बांधण्याचा अधिकार आहे. पण अंदाज कसा बांधायचा याला मर्यादा आहेत, आणि ती मर्यादा आपल्याच वऱ्हाडातल्या प्रकरणात सांगितली गेली. अकोल्याच्या बद्रीदास रामराय या दुकानाचे प्रकरण १९३७ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे गेले होते. कौन्सिलने सांगितले ते असे: अधिकाऱ्याने सूडाने किंवा लहरीने वागू नये, त्या भागाची माहिती, माणसाची परिस्थिती आणि मागचे हिशेब पाहावेत. अंदाज करावाच लागला तर तो प्रामाणिक असावा. १९५४ साली ढाकेश्वरी कॉटन मिलच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक गोष्ट सांगितली. अधिकारी पुराव्याच्या काटेकोर नियमांनी बांधलेला नसला तरी निव्वळ तर्कावर आकारणी करता येत नाही, आणि ज्या माहितीच्या जोरावर आकारणी केली ती समोरच्याला दाखवावी लागते.

नोटाबंदीही काही २०१६ ची नवलाई नव्हे. जानेवारी १९४६ मध्ये इंग्रज सरकारने पाचशे, हजार आणि दहा हजारांच्या नोटा रद्द केल्या होत्या. तेव्हाही व्यापाऱ्यांना असेच विचारले गेले. मेहता पारीख या पेढीने हजाराच्या ६१ नोटा भरल्या होत्या. न्यायाधिकरणाने ३१ मानल्या, ३० नाकारल्या. १९५६ साली सर्वोच्च न्यायालयाने विचारले की रोजमेळ खोटा ठरवलेला नाही, प्रतिज्ञापत्रे देणाऱ्यांची उलटतपासणी घेतलेली नाही, मग अर्ध्या नोटा नाकारता कशाच्या आधारावर? १९५९ साली साहेबगंजच्या एका धान्य व्यापाऱ्याच्या प्रकरणातही तेच झाले. २९१ नोटांपैकी १५० मान्य, १४१ अमान्य. न्यायालयाने सांगितले की संशय कितीही दाट असला तरी तो पुराव्याची जागा घेऊ शकत नाही. या दोन्ही पेढ्या कशामुळे टिकल्या? दोघांकडेही रोजची लिहिलेली वही होती.

आमच्या बाजूने आणखी एक मुद्दा मांडला, आणि तो मांडायला कायद्याची पदवी लागली नाही. आदेश खरा मानला तर ३८ लाखांच्या विक्रीवर या दुकानाचा नफा १२ लाख ४४ हजार होतो. शंभर रुपयांच्या विक्रीत ३३ रुपयांच्या जवळ. युरियाची किंमत सरकार ठरवते. २०१६ च्या खरिपापासून बीजी-दोन कपाशीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाची कमाल किंमत केंद्र सरकारने ८०० रुपये ठरवली. ज्या मालाची विक्री किंमत सरकारनेच बांधून दिली आहे, त्यात शेकडा ३३ नफा मिळतो असे सरकारच म्हणते? मग हे कृषी केंद्र सरकारनेच चालवायला घ्यावे.

निकाल

निकाल यायला तीन वर्षांच्या वर लागली. गल्ल्यातली रोकड मान्य झाली. स्वतःचा कापूस मान्य झाला. ३८ खात्यांची उधारी मान्य झाली. ज्या १४ जणांनी लेखी दिले नाही त्यांचे ६० हजार आणि भावकीचे ६० हजार, मिळून १ लाख २० हजार कायम राहिले. त्यावर कर ९२ हजार ७०० रुपये. ७ लाख २६ हजारांचे हे ९२ हजारांवर आले. वरच्या न्यायाधिकरणात जाता आले असते, पण खर्च आणि उरलेली वर्षे मोजून तिथेच थांबलो. ज्याचे पैसे खात्यात टाकले होते त्या भावकीतल्या माणसाने आपल्या वाट्याचा कर तीन हप्त्यांत आणून दिला. न सांगता आणला. दागिने परत आले, एक सोडून.

आपण जिंकलो असे आम्ही म्हणत नाही. भित्रेपणाने ६० हजारांवर कर बसला आणि भिडेने आणखी ६० हजारांवर. या दोन्ही गोष्टी आपल्या हातातल्या होत्या.

आता काय करायचे

एक. दोनशे पानी वही आणि रोज संध्याकाळी पाच मिनिटे. सकाळी रोकड किती, आले किती, गेले किती, उरले किती. वही न ठेवण्याची सवलत ही पुरावा न देण्याची सवलत नव्हे.

दोन. शेतीची वही वेगळी, धंद्याची वेगळी. बँकेचे खातेही वेगळे. दुसऱ्याचा पैसा आपल्या खात्यात घेऊ नका, तो सख्खा भाऊ असला तरी.

तीन. काटापट्टी, हिशोबपट्टी, चुकाऱ्याची पावती फेकू नका. थर्मल कागदावरची अक्षरे वर्षभरात उडतात, तिची झेरॉक्स काढा. सातबाऱ्यावर पीकपेरा दरवर्षी नोंदवून घ्या. आता ई-पीक पाहणी आहे, ती स्वतः करा. कपाशी पेरली आणि उताऱ्यावर सोयाबीन लागले तर तुमचा कापूस कागदावर उगवतच नाही.

चार. उधारी देताना गिऱ्हाईकाची सही त्याच वेळी घ्या. पाच वर्षांनी अंगठा मागायला घरोघर जावे लागू नये.

पाच. मोठी रक्कम रोखीने घेऊ-देऊ नका. उसनवारी २० हजार किंवा त्यावर आणि एका व्यवहाराची रोकड २ लाख किंवा त्यावर गेली की वेगळा दंड आहे. केवळ शेतीचेच उत्पन्न असणाऱ्या दोघांतल्या उसनवारीला थोडी सूट आहे, पण घरात दुकान असले की त्या सुटीवर विसंबू नका.

सहा. विवरणपत्रावर ईमेल आणि मोबाइल आपला किंवा आपल्या पोराचा द्या. नोटीस आली तर पंधरा दिवस उशाखाली ठेवू नका. ती घेऊन या, आपण मिळून वाचू.

सात, आणि हे सगळ्यात महत्त्वाचे. शेजाऱ्याच्या खऱ्या व्यवहाराला साक्ष द्यायला घाबरू नका. आणि खोट्या व्यवहाराला साक्ष देऊ नका, मग मागणारा संघटनेचा पदाधिकारी का असेना.

भावांनो, आपण इतकी वर्षे सरकारला सांगतो की आमचा उत्पादन खर्च मोजा. सरकार विचारते, तुमचा हिशेब कुठे आहे? तेव्हा आपण सभेत टाळ्या वाजवतो, वही दाखवत नाही. जी वही करखात्यापुढे आपल्याला वाचवते तीच वही भावाच्या मागणीत आपली साक्षीदार आहे. तिच्यात दुकानाचा खरा नफा दिसेल आणि शेतीचा खरा तोटाही दिसेल.

जेवणाच्या मांडवाजवळ आपल्या कार्यकर्त्यांनी दोनशे पानी वह्या ठेवल्या आहेत. फुकट नाहीत, छापील किमतीला आहेत. जाताना एक घ्या आणि आज रात्री पहिली ओळ लिहा. मेळाव्याला यायला एसटीचे किती लागले, एवढी लिहिली तरी चालेल.